दोन लाईनी असूनही ‘सर्व्हर डाऊन’ कसं?

अमळनेरकडच्या एका पतसंस्थेच्या शाखेत मी टेबलाखाली बसून वायरी चाचपत होतो. वर काऊंटरच्या काचेला पाठकोरा कागद चिकटवलेला, त्यावर निळ्या स्केचपेनाने लिहिलेलं: ‘सर्व्हर डाऊन आहे’. हप्ता भरायला एक आबा आले होते. पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबरबँड. त्यांनी कागद वाचला आणि कॅशियरला विचारलं, “दोन-दोन लाईनी शेतस ना तुमन्या? मंग बंद कसं काय?”

वार्षिक सभेत अध्यक्षांनीच मोठ्या आवाजात सांगितलं होतं की आता दोन कंपन्यांच्या दोन लाईनी घेतल्या, यापुढे काम थांबणार नाही. आबांनी ते ध्यानात ठेवलं होतं. कॅशियरने माझ्याकडे बोट दाखवलं, कारण ती सगळी जोडणी मीच करून दिली होती.

मी “बघतो आबा” म्हटलं आणि पुन्हा टेबलाखाली गेलो. त्यांना तेव्हा देता न आलेलं उत्तर आता सविस्तर लिहितो. बँकेत, दवाखान्यात, सेतू केंद्रात, जिनिंगच्या ऑफिसात हा प्रश्न आता रोजचाच झाला आहे.

काय तुटलं होतं, काय शाबूत होतं

सगळ्यात आधी, सर्व्हर डाऊन नव्हताच. तो जळगावच्या मुख्य कार्यालयात निवांत चालू होता. आपल्याकडे नेटवर्कचं काहीही बिघडलं तरी बिल सर्व्हरच्या नावावर फाडतात.

शाखेत दोन राउटर. राउटर म्हणजे आतल्या कॉम्प्युटरांचा माल बाहेर कोणत्या रस्त्याने पाठवायचा ते ठरवणारा डबा. पहिल्या राउटरला एका कंपनीची १० एमबीपीएसची लाईन, दुसऱ्याला दुसऱ्या कंपनीची ४ एमबीपीएसची. दोन्ही जळगावला जाणाऱ्या. त्या सकाळी रस्ता रुंदीकरणाच्या जेसीबीने पहिल्या कंपनीची फायबर उचकटली. दुसरी लाईन धडधाकट होती, दुसरा राउटर चालू होता, त्याचे हिरवे दिवे लुकलुकत होते. तरी अडीच तास एक पावती निघाली नाही.

शेवटी वैतागून मी पहिल्या राउटरची पिनच काढली. चार सेकंदांत सगळे काऊंटर चालू झाले!

यंत्र बंद केल्यावर काम सुरू झालं, हे मॅनेजर साहेबांना काही केल्या पटेना. पण सगळी मेख तिथेच आहे.

कॉम्प्युटरला रस्ते माहीत नसतात

एसटी स्टँडवर आलेल्या माणसाला जळगावची गाडी धरणगाव-पाळधीवरून जाते की पारोळा-एरंडोलवरून, याच्याशी देणंघेणं नसतं. तो चौकशीच्या खिडकीपाशी जातो, “जळगाव?” विचारतो आणि आतला माणूस सांगेल त्या गाडीत बसतो. त्याला खिडकी तेवढी माहीत असते.

काऊंटरवरचा कॉम्प्युटर अगदी तसाच. त्याच्या सेटिंगमध्ये एक पत्ता भरलेला असतो, त्याला गेटवे म्हणतात. ऑफिसच्या बाहेरचं जे काही असेल ते डोळे मिटून त्या पत्त्याकडे द्यायचं, एवढंच त्याला ठाऊक. पुढे नदी आहे की डोंगर, त्याचा त्याला पत्ता नाही.

आता खिडकीतला माणूस आजारी पडला तर? दुसरा माणूस शेजारच्या खिडकीत बसला असला तरी उपयोग नाही, कारण या प्रवाशाला पहिलीच खिडकी पाठ आहे. दोन राउटर आणून नुसते शेजारीशेजारी ठेवले तर नेमकं हेच होतं. कॉम्प्युटर मेलेल्या गेटवेच्या दारात उभा राहतो आणि शेजारच्या जिवंत राउटरकडे बघतसुद्धा नाही.

खिडकी एक, बसणारे दोन

यावरचा तोडगा १९९८ पासून लेखी नियमांच्या रूपात आहे. खिडकी कोणा एकाच्या नावाची ठेवायचीच नाही. दोन्ही राउटर मिळून एक तिसरा, आभासी पत्ता तयार करतात. कॉम्प्युटरांना गेटवे म्हणून तोच द्यायचा. एका वेळी एकच राउटर त्या पत्त्यावर ‘बसतो’, दुसरा मागे उभा. या पद्धतीचं सर्वांसाठी खुलं नाव व्हीआरआरपी. सिस्को कंपनीची स्वतःची तशीच एक पद्धत आहे, तिला एचएसआरपी म्हणतात. बारकावे वेगळे, मूळ कल्पना तीच, म्हणून पुढे मी व्हीआरआरपीच म्हणेन.

बसलेला, म्हणजे चालू राउटर दर सेकंदाला एक हाक देतो: ‘मी आहे’. मागे उभा असलेला राखीव राउटर ती हाक ऐकत राहतो. लागोपाठ तीन हाका चुकल्या की तो आणखी किंचित थांबतो आणि खिडकीत जाऊन बसतो. नेहमीच्या सेटिंगला हे सगळं साधारण ३.६ सेकंदांत उरकतं. कोण बसणार हे प्राधान्याच्या आकड्यावर ठरतं. मुळात तो १०० असतो, ज्याचा जास्त तो बसतो. मी पहिल्या राउटरला १२० दिला होता, दुसऱ्याला १०० तसाच ठेवला होता.

यातली एक गंमत मला अजून आवडते. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातून एक ठरलेला क्रमांक मिळतो आणि कॉम्प्युटर शेवटी त्या क्रमांकालाच ओळखतो. माणूस बदलला आणि क्रमांकही बदलला तर सगळी कॉम्प्युटरं गोंधळतील. म्हणून या आभासी खिडकीला क्रमांकही आभासी असतो, ००-००-५ई-००-०१ ने सुरू होणारा, आणि शेवटी त्या दोन राउटरांच्या गटाला दिलेला नंबर. आत कोणीही बसो, क्रमांक तोच. शाखेतल्या कोणत्याही कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टची काळी चौकट उघडून ‘एआरपी मायनस ए’ टाईप केलं की गेटवेसमोर हा क्रमांक दिसतो. एखाद्या ऑफिसात नवीन गेलो की मी आधी हेच बघतो. तो दिसला की समजायचं, इथे कोणीतरी विचार करून काम केलंय.

रस्त्यांची खबर कोण ठेवतं

खिडकीचं झालं. आता खिडकीतल्या माणसाला तरी रस्ते कुठून कळतात?

साधा मार्ग म्हणजे भिंतीवर पाटी लावून ठेवायची: ‘जळगाव: धरणगाव मार्गे’. राउटरमध्ये हाताने असा कायमचा रस्ता लिहिता येतो. पण पावसात मोरी वाहून गेली तरी पाटी ‘धरणगाव मार्गे’च म्हणत राहते. म्हणून दुसरा मार्ग: राउटरांनी आपसात बोलून रस्ते ठरवायचे आणि रस्ता तुटला की आपणहून बदलायचे. अशा बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीला डायनॅमिक राउटिंग प्रोटोकॉल म्हणतात.

जुनी पद्धत कानगोष्टींसारखी होती. आरआयपी नावाची. शेजारी म्हणतो ‘माझ्याकडून जळगाव तीन टप्पे’, मग मी माझ्या दुसऱ्या शेजाऱ्याला सांगतो ‘माझ्याकडून चार’. रस्ता रुंद की चिंचोळा, याची चौकशी नाही, नुसते टप्पे मोजायचे. पंधरापेक्षा जास्त टप्पे झाले की ते ठिकाण पोहोचण्यापलीकडचं धरायचं. आणि कानगोष्टीत जे होतं तेच इथेही व्हायचं. तुटलेल्या रस्त्याची बातमी एकाकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून पुन्हा पहिल्याकडे फिरत राहायची.

आज ऑफिसांत जास्त करून चालते ती ओएसपीएफ. तिची तऱ्हा वेगळी. समजा खानदेशातल्या प्रत्येक एसटी आगाराने एका चिठ्ठीवर फक्त स्वतःला जोडलेले रस्ते लिहिले, ‘माझ्याकडून पारोळ्याचा चालू, चोपड्याचा बंद’, आणि ती चिठ्ठी जशीच्या तशी सगळ्या आगारांना पोहोचवली. मग प्रत्येकाकडे सगळ्यांच्या चिठ्ठ्या जमतात. त्या जुळवून प्रत्येक जण एकच नकाशा काढतो आणि आपल्या जागेवरून सगळ्यात स्वस्त रस्ता स्वतः शोधतो. इथे कोणी कोणाच्या ऐकीव माहितीवर चालत नाही.

तो स्वस्त रस्ता शोधायची रीत डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांची. १९५६ साली अॅमस्टरडॅममध्ये होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून थकल्यावर एका कॅफेत कॉफी पिताना, कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत ती सुचली असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. छापून आली १९५९ मध्ये. आज तुमच्या फोनमधला नकाशा रस्ता दाखवतो त्याच्या मुळाशीही याच घराण्याचं गणित आहे.

स्वस्त म्हणजे काय, तर प्रत्येक लाईनला एक खर्च लावलेला असतो. बऱ्याच राउटरांत मुळातला हिशोब सोपा: १०० एमबीपीएसला लाईनच्या वेगाने भागा. आमची १० एमबीपीएसची लाईन म्हणजे खर्च १०, ४ एमबीपीएसची म्हणजे २५. दहावाली स्वस्त.

शेजारी जिवंत आहे का, हेही ओएसपीएफ विचारत राहते. दर १० सेकंदांना एक नमस्कार, आणि ४० सेकंद नमस्कार आला नाही तर शेजारी गेला असं धरून नकाशा नव्याने काढायचा. हे १० आणि ४० ध्यानात ठेवा, पुढे कामाला येतील.

मग त्या सकाळी काय झालं

आता दोन्ही व्यवस्था शेजारी मांडून बघू. व्हीआरआरपी ऑफिसच्या आत चालते: खिडकीत कोण बसलंय? ओएसपीएफ ऑफिसच्या बाहेर चालते: रस्ता कोणता चालू आहे? दोन्ही मी बसवल्या होत्या आणि दोन्ही चोख चालत होत्या.

जेसीबीने फायबर तोडली. चाळीस सेकंदांत पहिल्या राउटरच्या ओएसपीएफला कळलं की जळगावचा शेजारी गेला. त्याने नकाशातून रस्ता काढून टाकला, नियमाप्रमाणे. त्याच राउटरमधली व्हीआरआरपी मात्र दर सेकंदाला आतल्या बाजूला हाक देतच होती: ‘मी आहे, मी आहे’. आणि ते खरंच होतं, तो होताच. दुसऱ्या राउटरला ती हाक नीट ऐकू येत होती, म्हणून तो मुकाट मागे उभा राहिला. त्याच्या हातात जळगावचा चालू रस्ता होता, पण त्याला कोणी विचारलंच नाही.

खिडकीतला माणूस ऐटीत बसलाय, त्याच्याकडे एकही गाडी नाही, आणि तो उठत नाही. प्रवासी त्याच्याकडेच माल देतायत, तो केराच्या टोपलीत टाकतोय. नेटवर्कवाले याला ब्लॅकहोल म्हणतात, म्हणजे माल आत जातो आणि गडप होतो.

मी पिन काढली तेव्हा फक्त त्याची हाक बंद झाली. साडेतीन सेकंदांनी दुसरा बसला. एवढंच.

“पण लाईन तुटल्यावर राउटरचा दिवा विझायला नको का?” हे मॅनेजर साहेबांनी विचारलं, आणि अगदी बरोबर विचारलं. फायबर थेट राउटरमध्ये येत नव्हती. भिंतीवर कंपनीचा एक छोटा डबा होता, मीडिया कन्व्हर्टर म्हणतात त्याला. फायबर त्या डब्यात आणि डब्यापासून राउटरपर्यंत तांब्याची हातभर वायर. ती वायर शाबूत, म्हणून राउटरचा दिवा हिरवागार. दिवा सांगत होता तो हातभर वायरीचा हालहवाल, आणि तुटलं होतं दोन किलोमीटर लांब.

उठायला कोण सांगणार

चूक माझी होती. दोन व्यवस्था बसवल्या आणि त्यांची एकमेकांशी गाठ घालायला विसरलो. गाठ घालायच्या दोन तऱ्हा आहेत, मी आता दोन्ही वापरतो.

पहिली तऱ्हा, खिडकीतल्या माणसाच्या बसण्याला रस्त्याची अट लावायची. याला ट्रॅकिंग म्हणतात. राउटरला सांगून ठेवायचं: ओएसपीएफच्या यादीत जळगावच्या सर्व्हरचा रस्ता आहे तोवर तुझं प्राधान्य १२०. रस्ता नाहीसा झाला की ३० वजा. म्हणजे ९०. दुसऱ्याचं १००, तो ताबडतोब पुढे येतो. पुष्कळ जण रस्त्याऐवजी नुसत्या पोर्टावर, म्हणजे त्या हिरव्या दिव्यावर अट लावतात. आमच्या भिंतीवरच्या डब्याने ती अट सहज फसवली असती. आणि वजा करायचा आकडा तपासून घ्या. १२० मधून १० वजा केले तर ११० उरतात आणि गडी जागचा हलत नाही. ही चूक मी चांगल्या अनुभवी लोकांच्या हातून झालेली पाहिली आहे.

दुसरी तऱ्हा, दोन्ही राउटरांना आपसात एका वेगळ्या वायरीने जोडायचं आणि त्या वायरीवरही ओएसपीएफ बोलू द्यायची. मग पहिल्याचा रस्ता तुटला तरी नकाशात दिसतं की शेजारच्या राउटरवरून जळगावला जाता येतं. तो खिडकीतून न उठता माल मागच्या माणसाकडे सरकवतो. काऊंटरच्या बाजूला मात्र ओएसपीएफ मुद्दाम गप्प ठेवायची असते, नाहीतर कोणीही आपलं यंत्र आणून भिंतीत खुपसेल आणि खोटे रस्ते पसरवेल. मी ती गप्प ठेवली होती, पण वेगळी वायर टाकली नव्हती, त्यामुळे शेजारीशेजारी ठेवलेले दोन राउटर एकमेकांच्या रस्त्यांबद्दल अवाक्षर बोलत नव्हते. एकाच ओट्यावर बसून अबोला धरलेले भाऊबंद जसे.

वेळेचा हिशोब इथे येतो. खिडकी बदलायला साडेतीन सेकंद पुरतात, पण रस्ता तुटल्याचं कळायलाच चाळीस लागतात. खिडकीची व्यवस्था रस्त्याच्या व्यवस्थेच्या भरवशावर चालणार, म्हणजे गिऱ्हाईक चाळीस सेकंद थांबणार. नमस्कार लवकर लवकर करायला लावता येतो. त्याहून चांगलं म्हणजे बीएफडी नावाचा एक हलका पहारेकरी मिळतो, २०१० मध्ये त्याचे नियम पक्के झाले. रस्ता जिवंत आहे की नाही एवढंच तो सेकंदातून अनेकदा तपासतो आणि ओएसपीएफला ओरडून सांगतो. मग सगळं एखाद्या सेकंदात आटोपतं. लाईनच मुळात खराब असेल तर मात्र हा पहारेकरी दर पाच मिनिटांनी चोर-चोर म्हणून गाव जागं करतो. आपल्याकडच्या काही लाईनींवर त्याला जरा सबुरीनेच ठेवावं लागतं.

बरा झालेला माणूस लगेच खिडकीत

लाईट गेली, पहिला राउटर बंद पडला, दुसरा बसला. दहा मिनिटांनी लाईट आली. पहिला सुरू झाला, त्याचं प्राधान्य जास्त, म्हणून त्याने दोन-चार सेकंदांत खिडकी परत घेतली. पण त्याच्याकडे अजून एकही चिठ्ठी आलेली नाही. नमस्कार, ओळखपाळख, चिठ्ठ्यांची देवाणघेवाण, नकाशा, याला वेळ लागतो. तेवढा वेळ पुन्हा ब्लॅकहोल. बिघाडात काम थांबलं नाही आणि दुरुस्तीत थांबलं, असा हा उफराटा प्रकार.

रस्त्याची अट लावलेली असेल तर यातलं बरंचसं टळतं, कारण जळगावचा रस्ता मिळेपर्यंत त्याचं प्राधान्य ९० वरच अडकलेलं असतं. तरी मी वर एक-दोन मिनिटं थांबायला सांगतोच. दवाखान्यातून घरी आलेला माणूस त्याच पावली औत धरत नाही.

‘दुसरी लाईन बसून पगार खाते’

हा आक्षेप अध्यक्षांचा. महिन्याचं भाडं दोन्हींचं, काम एकीचं. पैसे मोजणाऱ्याला हे खुपणारच.

वाटणी करता येते. खिडक्याच दोन करायच्या. निम्म्या काऊंटरना पहिली खिडकी, निम्म्यांना दुसरी. पहिल्या खिडकीत पहिला राउटर मुख्य आणि दुसरा राखीव, दुसऱ्या खिडकीत उलट. दोन्ही लाईनी कामाला लागतात आणि एक गेली तर दोन्ही खिडक्या एकाच्या ताब्यात येतात.

पण वाटणी केली की दोन भानगडी मागे लागतात. एक तर दोन्ही लाईनी काठोकाठ भरून वापरायची सवय लागते, आणि एक तुटली की दुसरीला दोघींचा भार झेपत नाही. आमच्याकडे तर १० आणि ४ असं विषम जोडपं होतं. दुसरी भानगड जास्त चकवणारी. आतून बाहेर जाताना कोणता राउटर ते खिडकी ठरवते, पण जळगावहून परत येताना ते जळगावकडचा राउटर ठरवतो, त्याच्या नकाशाप्रमाणे. त्याला दहावाली स्वस्त दिसते. म्हणजे दुसऱ्या खिडकीतून गेलेल्या निरोपाचं उत्तर पहिल्या दाराने येतं.

राउटरला याचं काही वाटत नाही. वाटेवर फायरवॉल, म्हणजे येणारा-जाणारा माल तपासणारी यंत्रणा असेल तर तिला वाटतं. बाजार समितीच्या एका गेटवरून केळीची गाडी गेटपास घेऊन बाहेर पडली आणि परतताना दुसऱ्या गेटवर आली, तर तिथला वॉचमन म्हणणार, ‘तू गेलास कधी? माझ्या वहीत नाही.’ फायरवॉल तशीच वही ठेवते आणि नोंद नसलेलं उत्तर परतवून लावते. मग अर्ध्या काऊंटरचं कामकाज अडकतं आणि अर्ध्यांचं चालतं, आणि शोधणाऱ्याच्या तोंडाला फेस येतो. म्हणून एवढ्याशा शाखेसाठी मी वाटणीच्या नादी लागत नाही. जाणं-येणं एकाच दाराने होऊ द्यावं. खिडकीत मुख्य कोण आणि नकाशात स्वस्त कोण, ही दोन उत्तरं एकच आली पाहिजेत. अध्यक्षांना मी सांगितलं, साहेब, पिकअपची स्टेपनीही रोज फिरत नाही. ते हसले, पण बिलावर सही करताना नाही हसले.

‘सरळ प्रत्येक कॉम्प्युटरलाच दोन गेटवे द्या की’

देता येतात. विंडोजमध्ये रकाना आहे. पण पहिला गेटवे जिवंत आहे आणि फक्त त्याच्या पुढचा रस्ता तुटलाय, हे कॉम्प्युटरला कळत नाही, आणि गेटवेच मेला तरी तो बदलायला रेंगाळतो. प्रत्येक कॉम्प्युटरला ओएसपीएफ शिकवावी, तर शंभर ठिकाणी शंभर नकाशे सांभाळत बसा. आणि प्रिंटरचं, सीसीटीव्हीच्या डब्याचं, एटीएमचं काय? त्यांना एकच रकाना असतो.

‘एवढं घट्ट बांधलं आणि सगळंच एकदम उठलं तर?’

हा प्रश्न मला एका इंजिनिअरिंगच्या पोराने विचारला, आणि तो सगळ्यात चांगला प्रश्न आहे. ४ ऑक्टोबर २०२१ आठवतो? रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सअॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम जगभर बंद पडलं, सुमारे सहा तास. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारं आतलं जाळं तुटलं. त्यांच्या पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरांना एक अट लावलेली होती: डेटा सेंटर दिसत नसेल तर इंटरनेटवरून आपला रस्ता मागे घ्यायचा. एखाद्याच जागी बिघाड असता तर ही अट शहाणपणाची. त्या दिवशी कोणालाच डेटा सेंटर दिसेना, म्हणून सगळ्यांनी एकदम रस्ते मागे घेतले. सर्व्हर चालू होते, पण जगाच्या नकाशात त्यांचं गावच उरलं नाही.

आपल्या खिडकीच्या बाबतीत हा धोका कमी, कारण तिथे अट प्राधान्य कमी करते, खिडकी बंद करत नाही. दोघांचेही रस्ते गेले तर दोघांचेही ३० वजा, ९० आणि ७०, तरी कोणीतरी एक बसलेला राहतो. अट लावताना ‘बंद कर’ असं कधी लिहू नये, ‘मागे सर’ असं लिहावं.

दुकानाला, दवाखान्याला एवढं लागतं का

नाही. पाच कॉम्प्युटरांच्या ऑफिसाला दोन लाईनी घेणारा एकच डबा पुरतो, दुसऱ्या लाईनीच्या जागी मोबाईलचं सिम टाकलं तरी भागतं. ओएसपीएफचं नावही काढू नका. फक्त दोन गोष्टी बघा. तो डबा लाईन चालू आहे हे कशावरून ठरवतो? पोर्टाच्या दिव्यावरून ठरवत असेल तर सेटिंग बदलून बाहेरच्या एखाद्या लांबच्या पत्त्याला हाक मारायला लावा. आणि दोन कंपन्यांच्या फायबरी एकाच चरातून येतात का ते वायर ओढणाऱ्या पोरांना विचारा. कंपनीच्या ऑफिसात हे कोणी सांगत नाही, खांबावर चढणाऱ्याला ठाऊक असतं. एका जेसीबीला दोन कंपन्या वेगवेगळ्या दिसत नाहीत.

आणखी एक. लाईन बदलली तरी सुरू असलेला प्रत्येक व्यवहार तरेलच असं नाही. इंटरनेटच्या दोन वेगळ्या कंपन्या असतील तर बाहेर दिसणारा पत्ताच बदलतो, आणि चालू व्हिडिओ कॉल किंवा व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून काढलेली खाजगी वाट, तुटून पुन्हा जोडावं लागतं. आमच्या शाखेत दोन्ही लाईनी आपल्याच मुख्य कार्यालयात जात होत्या, म्हणून ते दुखणं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी

नवी जोडणी झाल्यावर एका शनिवारी काऊंटर बंद झाल्यावर चाचणी घेतली. पहिल्यांदा मी नेहमीचीच चूक करणार होतो, राउटरच्या मागची वायर ओढणार होतो. तसं केलं की दिवा विझतो, सगळं झटकन बदलतं आणि आपण खूश होऊन घरी जातो. म्हणून भिंतीवरच्या डब्याकडे गेलो आणि बाहेरून येणाऱ्या फायबरची पिवळी दोरी काढली. राउटरचा दिवा हिरवाच.

कॅशियर एका कॉम्प्युटरवर जळगावला पिंग लावून बसला होता. पिंग म्हणजे लांबच्या यंत्राला घातलेली साद. तो मोठ्याने वाचत होता, “टाइम्ड आऊट... टाइम्ड आऊट...” आठ-नऊ ओळी झाल्या आणि “रिप्लाय आला!” बीएफडी चालू करून पुन्हा ओढलं, तेव्हा एकच ओळ गेली. शिपाई मामांनी चहा आणला. मॅनेजर साहेब एकदम खुशीत. म्हणाले, आता लाईटचंही बघून घ्या, इन्व्हर्टरवर चालतं का ते.

मी टॉर्च घेऊन पुन्हा टेबलाखाली शिरलो. वायरींच्या मागोमाग गेलो. दोन्ही राउटरांच्या पिना एकाच एक्स्टेन्शन बोर्डात होत्या, आणि त्याच बोर्डात तिसरी पिन कूलरची होती.